एका झाडाची बाग

पहिल्याच एप्रिलमध्ये काकाजींनी मला माझा कूलर हलवायला लावला. नागपुरात भाड्याने राहणाऱ्याला घरमालक पुष्कळ गोष्टी सांगतो, पण भर उन्हाळ्यात खिडकीतला कूलर काढा असं कोणी सांगत नाही. मी त्या घरात वरच्या मजल्यावर राहायला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. गॅसची जोडणी झाली होती, पडदे लागले होते, पूर्वेच्या खिडकीला कूलर बसवून त्यात नवा वाळाही भरून झाला होता. मला कामांच्या याद्या करून त्या खोडत जायची सवय आहे. ती यादी नुकतीच पूर्ण खोडून झाली होती. आणि काकाजी जिन्यात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमचा कूलर टपकून राहिला."

"कुठे?"

"बागेत."

मी गॅलरीतून वाकून पाहिलं. खाली फरशी होती, काकूंची तुळस होती, काकाजींची बंद पडलेली स्कूटर होती आणि कंपाउंडच्या कोपऱ्यात संत्र्याचं एक झाड होतं. बाग कुठे दिसेना.

"कोणत्या बागेत, काकाजी?"

त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "तेच. ताण सुरू झाला आता. मृग लागेपर्यंत तिथं थेंब पडला नाही पायजे."

कूलर पश्चिमेच्या खिडकीला गेला. पश्चिमेचा कूलर नागपूरच्या दुपारी जी हवा देतो ती तव्यावरून उचलून आणल्यासारखी असते. मी भांडणारच होते. पण संध्याकाळी खाली डोकावले तर काकाजींचा स्वतःचा कूलरही बैठकीच्या खिडकीतून निघून मागच्या मोरीच्या दाराला जाऊन बसला होता. बैठकीत, डोक्यावर ओला पंचा टाकून, काकाजी पंख्याखाली ताठ बसले होते. जो माणूस आपलाच नियम आधी स्वतःला लावतो त्याच्याशी भांडता येत नाही. मी परत वर आले.

काकाजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले होते. मूळचे नरखेड तालुक्यातले, संत्र्याच्या बागाईतदारांच्या घरातले. ते झाड त्यांनी गावाकडून कलम आणून लावलं होतं. झाडाला ते कधीही झाड म्हणत नसत. फोन आला तर काकू सांगायच्या, "ते बागेत गेले आहेत," आणि दाराबाहेर सहा पावलांवर काकाजी कमरेवर हात ठेवून उभे असायचे. खोडाजवळ पत्र्याची पाटी होती: बागेत पाणी सांडू नये. येणारा-जाणारा ती वाचून बाग शोधायचा.

आल्यागेल्या प्रत्येकाला ते एक पान तोडून, चुरगाळून, नाकाशी धरायला लावत. कुरिअरवाल्यालाही. मीटर वाचायला येणाऱ्या माणसाने त्या वासाला नुसतं "हं" म्हटलं, तर पुढच्या महिन्यात काकाजींनी त्याला फाटकाबाहेरच उभं ठेवून मीटरचा आकडा वाचून दाखवला.

मी मूळची साताऱ्याची. ताण म्हणजे काय ते मला त्यांनीच शिकवलं. संत्र्याच्या झाडाचं पाणी ठरवून तोडायचं. पानांची चकाकी जाते, ती कडांनी वळतात, काही गळतात. झाड घाबरतं, असं काकाजी म्हणत. मग पाऊस-पाणी मिळालं की घाबरलेलं झाड फांदी-फांदीवर फुलं काढतं. उन्हाळ्यात ताण देऊन पावसाळ्याच्या तोंडावर फुलवलेला तो मृगाचा बहार, त्याची फळं शिमग्याच्या सुमाराला पिकतात. मध्येच कोणी पाणी दिलं, की झाड निर्धास्त होतं आणि नुसती पानं काढत बसतं.

हे शास्त्र त्यांनी झाडापुरतं ठेवलं नव्हतं. नातीने खेळण्यासाठी हट्ट केला की "थोडा ताण द्या तिले." स्कूटर सुरू होईना तेव्हा तिला एक महिना कोणी हात लावायचा नाही असं ठरलं, ती मग कधीच सुरू झाली नाही. ताणाच्या दिवसांत ते स्वतः चहा सोडत. "मी पण ताणावर आहो," ते अभिमानाने सांगत. आतून काकूंचा आवाज यायचा, "तो ताण मले पडते! दिवसभर तोंड पाहा लागते ना मले!"

आणि त्या घरात संत्री विकत आणायला बंदी होती. ज्याची बाग आहे त्याने बाजारातून संत्री आणायची म्हणजे काय? त्यामुळे नागपुरात राहून, हिवाळ्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर हातगाड्या लागलेल्या असताना, काकूंना संत्रं खायला जिना चढून माझ्याकडे यावं लागायचं. त्या माझ्या ओट्याजवळ उभ्या राहून एक-एक फोड चवीने खायच्या. साली मात्र टाकू द्यायच्या नाहीत. मिठाच्या पाण्यात भिजवायच्या, आतला पांढरा भाग सुरीने खरवडायचा, बारीक चिरून गूळ, लाल तिखट आणि भाजलेले तीळ घालून शिजवायच्या. कडू, गोड, तिखट अशी ती चटणी माझ्या फ्रिजमध्ये काकूंच्या नावाच्या बरणीत असायची. एकदा जिन्यात काकाजी भेटले, क्षणभर थांबले आणि हवा हुंगून म्हणाले, "वर किन्नू सोलून राहिलं कोणीतरी. किन्नू खाणाऱ्याले माही हरकत नाही." किन्नू म्हणजे पंजाबकडचं संत्रं. खरंच किन्नूच होतं ते. काकू आत माझ्या स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होत्या.

आता मुख्य गोष्ट. त्या झाडाला मृगाचा बहार कधी आलाच नव्हता. झाड वयात येऊन काही वर्षं झाली होती. काकाजी दर उन्हाळ्यात ताण देत होते, आणि दर जूनमध्ये झाड घनदाट, हिरवंगार, नव्या पालवीने लदलेलं उभं राहत होतं. फूल शोधून काढावं लागे.

आणि दर रविवारी सकाळी गावाहून मोठ्या भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. काकाजी मोबाइल झाडासमोर धरून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फिरवत. पलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज यायचा.

"लागलं का गा तुह्या बागेले?"

"लागते, भाऊ. यंदा लागते."

"काय लागते! पानं पाय कसे चकाकून राहिले. तेल लावते का तू त्याले?"

भाऊंची स्वतःची दीडेकशे झाडांची बाग होती. ती काही वर्षांपूर्वी वाळून गेली आणि तिथे आता कापूस होता. एवढंच मला माहीत होतं. ताणाच्या बाबतीत भाऊंचा हात धरणारा सगळ्या गावात कोणी नव्हता, हे काकाजींनीच सांगितलं होतं. कॉल संपला की ते बराच वेळ झाडाखाली उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "मॅडम, भाऊचं वय झालं. एकदा, फक्त एकदा, माह्या हातानं ताण दिलेलं संत्रं त्याच्या हातात ठेवायचं आहे. मंग हे झाड वाळलं तरी चालते." मग लगेच झाडाकडे पाहून, "वाळू नको, बोललो नुसतं," असंही म्हणाले.

त्या पहिल्या उन्हाळ्यात, कूलर हलवूनही पानं चकाकत राहिली, तेव्हा ते पुन्हा माझ्या दाराशी आले.

"तुम्ही त्या कळमेश्वरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळता. माल कुठून गळते हे तुम्हाले बरोबर दिसते. मले सांगा, माह्या बागेत पाणी कुठून येऊन राहिलं?"

असं काम कोणी सोपवलं की मला बरं वाटतं. मी शक्यता लिहून काढल्या: शेजाऱ्यांची टाकी, गच्चीचा पाइप, जमिनीखालची नळाची लाइन, मोरीचं सांडपाणी. एक-एक तपासून खोडली. टाकी कोरडी, पाइप कोरडा, लाइन ठीक. यादी संपली आणि पाणी सापडलं नाही. मग एका सुटीच्या दिवशी, भर दुपारी, सगळी गल्ली दारं लावून पडलेली असताना, मी गॅलरीत वाळत घातलेली चादर काढायला गेले. खाली काकू पातेलं घेऊन झाडाशी उभ्या होत्या. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, आणि मागून एक भरलेली कळशी.

मी खाली गेले. त्या दचकल्या नाहीत.

"पाहिलं का?"

"पाहिलं, काकू."

"मंग सांग आता त्यायले."

"सांगायला नको का? ते त्या भट्टीत बसतात रोज. झाडासाठी."

"अन् मी कोणती महाबळेश्वरले बसून राहिली?" काकूंनी पातेलं पालथं करून शेवटचे थेंबही झाडून टाकले. "अवं ताई, दारात माणूस आला तर आपण आधी पाणी विचारतो. पाखरांसाठी मातीचं भांडं टांगतो. अन् हे झाड खिडकीसमोर उभं राहून माह्या जेवणाकडे पाहून राहते. कसा उतरन घास? तूच सांग."

"पण भाऊंचं काय? त्यांना एकदा फळ द्यायचंय काकाजींना."

काकूंनी रिकामी कळशी उचलून कमरेवर घेतली. त्यांना झाडाची तहान दिसत होती, पण काकाजी रविवारच्या कॉलनंतर झाडाखाली का उभे राहतात हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "पुढच्या साली मी मेमध्ये पोरीकडे पुण्याले जातो. इथं राहिली तर टाकीनच पाणी. मले माहा भरोसा नाही."

काकाजींना मी सांगितलं की गळती सापडली आहे आणि पुढच्या वर्षी होणार नाही. "बंदोबस्त केला?" त्यांनी विचारलं. "केला," मी म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, त्यांचा माझ्यावर विश्वास आहे.

पुढच्या वर्षी मे लागायच्या आत काकू खरंच पुण्याला गेल्या. जाताना झाडाच्या पानांवरून हात फिरवून "माफ कर रे बाबा" म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. माझा कूलर, काकाजींचा कूलर, दोन्ही आधीच हलले होते. फाटकाच्या आत पाणी वापरणारे आम्ही दोघंच. मी मनात धरलं, यंदा फुलं येणार.

कारखान्याची बस लवकर यायची, म्हणून मी उन्हाळ्यात पहाटे उजाडता उजाडता फिरून येत असे. एके दिवशी जिना उतरले तर झाडाशी काकाजी उकिडवे बसलेले. हातात तांब्या. आवाज होऊ नये म्हणून पाणी अगदी जमिनीजवळ तांब्या नेऊन, बारीक धारेने सोडत होते.

"काकाजी?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "पानं पाहिली का? कशी मुठीवानी वळली."

"वळायलाच हवीत ना?"

"वळाले पायजेच."

"मग?"

"मंग काय." तांब्या रिकामा झाला. "नाही पाहवत मले."

मी तिथेच पायरीवर बसले. फिरायला जाणं त्या दिवशी राहिलं. काकाजींनी जे सांगितलं ते त्यांनी बहुतेक कोणालाच सांगितलं नसावं, कारण सांगताना ते मधूनमधून थांबून शब्द शोधत होते. एरवी हा माणूस शब्द शोधत नसे.

ते विशीत असताना एका मे महिन्यात भाऊ लग्नासाठी बाहेरगावी गेले आणि बाग यांच्यावर सोपवून गेले. ताण ऐन भरात होता. भाऊंनी एकच गोष्ट बजावली होती, मोटरला हात लावायचा नाही. दोन दिवस यांनी धीर धरला. तिसऱ्या दिवशी बागेत हिंडताना पायाखाली गळलेली पानं कुरकुरायला लागली, आणि यांनी विहिरीवरची मोटर सुरू करून सगळी बाग भिजवून टाकली. त्या वर्षी बहार आला नाही. दीडशे झाडं, आणि नुसती पालवी.

"भाऊ रागावले असतील."

"रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं एवढंच म्हटलं, तुले शेती जमणार नाही गा, तू नोकरी पाय." काकाजी उठले, गुडघ्यांवर हात टेकून. "तेव्हापासून मी साऱ्या दुनियेले ताण शिकवत फिरून राहिलो."

"म्हणजे गेल्या वर्षीही तुम्हीच?"

"सकाळचं मी. दुपारचं ती," ते म्हणाले. "तिले वाटते मी झोपलो असतो. तुम्हाले शोधाले लावलं ते याच्यासाठीच, का दोघांतलं कोणी पकडलं गेलं तर पाणी टाकणं सुटन. तुम्ही तिले काही बोलू नका. ती बिचारी माह्यासाठी पुण्याले जाऊन बसली."

म्हणजे मी बंदोबस्त केला म्हणाले तेव्हा त्यांनी पुढे विचारलं नाही, ते यामुळे. एकाच मालाची दोन ठिकाणांहून गळती, आणि दोन्हीकडच्यांना एकमेकांची काळजी. कारखान्यात मला असा प्रकार कधी भेटला नाही.

जूनमध्ये काकू परतल्या. रिक्षातून उतरून आधी झाडाकडे गेल्या. कोवळ्या, पोपटी पालवीने झाड नुसतं फुगलं होतं. काकूंनी एक फांदी वाकवून पाहिली, दुसरी पाहिली. मग दारात उभ्या असलेल्या काकाजींकडे पाहिलं. काकाजी चष्मा पुसत होते, आणि तो पुसून संपत नव्हता.

"ताई, मी नव्हती ना इथं?" काकूंनी मला विचारलं.

"नव्हता, काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पिशव्या घेऊन आत गेल्या. तेव्हापासून मी त्यांना तांब्यावरून किंवा कळशीवरून एकमेकांना काही बोलताना ऐकलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मात्र सगळं बदललं. भाऊंच्या एका डोळ्याची नजर आधीच गेली होती, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी आता थांबू नका म्हटलं, म्हणून एप्रिलच्या शेवटी त्यांना नागपूरला आणलं. रक्तातली साखर खाली यायला वेळ लागला आणि मेच्या शेवटी ऑपरेशन झालं. औषधाचे थेंब घालायला, डोळा सांभाळायला ते काकूंकडेच राहिले.

भाऊ घरात असताना ताण मोडणं शक्यच नव्हतं. काकाजींनी तांब्या आत ठेवून दिला. काकूंनी झाडाकडच्या खिडकीला जाड पडदा लावून घेतला आणि जेवताना भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. या वेळी ताण खराखुरा बसला. पानं आधी मलूल झाली, मग वळली, मग गळायला लागली. मी वरून पाहायचे आणि लवकर आत यायचे.

डोळ्यावर हिरवी पट्टी असताना भाऊ एका सकाळी काकाजींचा हात धरून झाडापाशी आले. त्यांनी चाचपडत एक पान धरलं, अंगठ्याने घासलं, कानाशी नेऊन चुरलं.

"ताण बरा बसला," ते म्हणाले. "कागदावानी लागून राहिलं पान. कोणी शिकवलं गा तुले?"

काकाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी दुसरीकडे पाहिलं. सत्तरीच्या माणसाकडे अशा वेळी टक लावून पाहू नये.

त्या दिवसापासून ते कॅलेंडरसमोर उभे राहू लागले. मृगाला फार दिवस उरले नव्हते. मला जिन्यात थांबवून हलक्या आवाजात म्हणाले, "यंदा फुटते, मॅडम. अन् भाऊ स्वतः पाहून जाते."

भाऊंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी कारखान्यातून परतत होते. भाऊ झाडासमोर खुर्चीवर बसले होते. काकू बाजूला उभ्या होत्या, काकाजी झाडाच्या आळ्यातली सुकलेली पानं वेचत होते. भाऊ बराच वेळ नुसते बघत होते. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं.

"याले पाणी टाक," ते म्हणाले.

काकाजी हसले. भाऊ परीक्षा घेताहेत असं त्यांना वाटलं. "नाही, भाऊ. अजून थोडे दिवस. मंग पाहा कसा बहार फुटते."

"पाणी टाक म्हणतो ना मी."

"भाऊ, आता मोडला तर साऱ्या सालाची मेहनत जाते."

"जाऊ दे."

"तुम्हाले संत्रं खाऊ घालायचं आहे मले. याच झाडाचं." वेचलेली पानं काकाजींच्या मुठीत चुरली. "मी ताण दिला, भाऊ. मी दिला. तुम्ही हातानं पाहिला."

"पाहिला. चांगला दिला." भाऊंनी काकाजींच्या दिशेने हात पुढे केला, काकाजी जवळ आले तसं त्यांचं मनगट धरलं. "तुह्या हाताचा सवाल नाही, बाबू. माही बाग शेवटच्या साली अशीच उभी होती. सारे पानं वळलेले. रस्त्यानं जाणारे लोक म्हणत, भाऊनं काय झकास ताण दिला यंदा. मी पण हो म्हणत जाओ. कोणाले सांगू, विहिरीत पाणीच नाही म्हणून? पहाटे उठून मोटर लावो, तर नुसती हवा येत होती. मोडायचा होता मले तो ताण. मोडता आला नाही."

काकूंनी पदर तोंडाशी नेला.

"मले संत्रं नको गा," भाऊ म्हणाले. "पाणी आहे ना तुह्याकडे? मंग टाक त्याले. मले पाहू दे."

काकाजी उभेच राहिले. मग काकू आत गेल्या आणि भरलेली बादली घेऊन आल्या. ती त्यांनी झाडाजवळ नेली नाही, काकाजींच्या पायाशी ठेवली. काकाजींनी झाडाकडे पाहिलं, बादली उचलली आणि आळ्याच्या कडेला वाकले.

"बुंध्याशी नको," भाऊ म्हणाले. "दुरून टाक, गोल. सावकाश. एकदम नाही."

जमिनीने पहिलं पाणी कुठे घेतलं ते दिसलंच नाही. दुसऱ्या बादलीला माती काळी झाली. वाफेसारखा एक गरम वास आला.

"किती टाकू, भाऊ?"

"मी बस म्हणन तेव्हा थांब."

काकू बादल्या भरून आणत होत्या, काकाजी रित्या करत होते. आळं भरलं. भाऊ पुढे वाकून बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. पाणी आळ्याबाहेर फरशीवर आलं, पाटीखालून वाहत तुळशीकडे गेलं, फाटकापर्यंत पोहोचलं. भाऊंनी बस म्हटलं नाही. आतून नळाची धार बारीक झाल्याचा आवाज आला, तशी मी जिन्याखाली गेले आणि वरच्या टाकीची मोटर सुरू केली.